चिलका

नववी ब. जूनचा तिसरा आठवडा.
सिरसिल्ल्याहून आलेली मुलगी
माझ्या मागच्या बाकावर बसली.
नाव मौनिका.
बाईंनी हजेरीत मोनिका केलं.
तिनं एकदाच दुरुस्त करून पाहिलं,
मग मोनिकालाच "हजर" म्हणत राहिली.

तिचं मराठी म्हणजे पुस्तकातली वाक्यं,
तीही अर्ध्यात सुटलेली.
पोरं म्हणायची, "का बे, ही कुठली भाषा?"
पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारायला
ती उभी राहायची, ओठ हलवायची
आणि परत खाली बसायची.
तहानलेली. सोलापूरच्या उन्हात.

मला तिचं सगळं कळायचं.
वहीवर वाकून ती स्वतःशी पुटपुटायची, तेसुद्धा.
नीळ्ळु म्हणजे पाणी, आकलि म्हणजे भूक,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्या घरात ते शब्द जुन्या भांड्यांसारखे होते,
कोपऱ्यात, पालथे.

पण आम्ही इथले.
पणजोबा म्हणे चालत आले होते,
कमरेला धोटा खोचून.
चार पिढ्या टॉवेल विणून
आम्ही इथले झालो होतो, जेमतेम.
ते जेमतेमपण मी फार जपायचे.
अक्कलकोट रोडच्या पलीकडं कुणी
"तुम्ही तेलगू का?" विचारलं
तर मी बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

तिच्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा.
आई विड्या वळायची, ही पानं कापायची,
अंगठ्यावर कात्रीचा घट्टा.
"वास येतोय," कुणीतरी म्हणालं.
बाक सरकले.
माझाही सरकला.
माझी आई दिवसाला आठशे विड्या वळते.
शाळेला निघताना मी दोनदा हात धुते,
कपड्यांच्या साबणानं.

वर्षात ती एकदाच हसली.
बाईंनी माझं आडनाव घेतलं, चिलका,
आणि मागून खुदकन आवाज आला.
चिलका म्हणजे पोपट.
साठ जणांत हे आम्हा दोघींनाच ठाऊक.
मधल्या सुट्टीत नळापाशी आली,
अगदी हळू म्हणाली,
"नीकु अर्थमैतुंदि कदा?"
तुला कळतं ना?

नळाला बारीक धार होती.
मागं रांगेत वर्गातल्या तिघी.
मी म्हणाले, "काय?"
इतकं स्वच्छ, इतकं शुद्ध "काय",
की मराठीच्या बाई खूश झाल्या असत्या.

दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच ती गेली.
भिवंडीला, कुणी म्हणालं सुरतेला.
बाई दोन दिवस मोनिका, मोनिका म्हणाल्या,
तिसऱ्या दिवशी थेट पुढचं नाव.
बाकावर तिनं कर्कटकानं काहीतरी कोरलंय,
गोल गोल अक्षरं.
बोलता येतं मला, वाचता येत नाही.

काल रात्री लाइट गेली.
गल्लीतले माग एकदम थांबले
आणि आईच्या कात्रीचा आवाज ऐकू आला,
अंधारातही पान कापणारा.
माझ्या तोंडून निघालं,
"अम्मा, आकलैतुंदि."

कात्री थांबली.
बराच वेळ थांबली.
मग अंधारातून, जराशी घाबरून,
आई मराठीत म्हणाली,
"काय गं?"