दोन बोटांची फट

पुंता आरेनासला वारा इतका,
की जोराचा सुटला तर चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
अशा गावात मी दारं-खिडक्यांचे सेन्सर विकते,
तिसऱ्या गल्लीत, हीटर आणि गमबुटांच्या मधल्या फळीवर.

डॉन एलेउतेरिओ मान्सिया आले मंगळवारी,
टोपी खिशात कोंबलेली, डोळ्यांत पाणी, वाऱ्याचं.
मुलीनं फोनवर सांगितलेलं त्यांनी पेन्सिलीनं उतरवून आणलेलं :
स्वस्त चालेल, पण मला इथे कळलं पाहिजे.
इथे म्हणजे पुएर्तो मोंतला. मध्ये अख्खा समुद्र आणि बर्फ.

मी तीन डबे काढले.
हा नऊ हजारांचा, पण एकटा कामाचा नाही.
याला हब लागतो, हबला केबल, केबलला राउटरचा शेजार.
नवरदेव स्वस्त, वऱ्हाड महाग.
हा ब्लूटूथवाला. तुम्ही घरात असाल तरच बोलतो,
आणि घरात असलात तर दार तुम्हाला दिसतंच आहे.
हा पाच हजार नऊशे. वाय-फायवर चालतो, बॅटऱ्या खातो,
पांढरं प्लास्टिक, एक तुकडा चौकटीला, एक दाराला,
आत शेंगदाण्याएवढं चुंबक.
दोघं जवळ असले की गप्प.
दोन बोटांहून लांब गेले की तिच्या फोनवर : उघडलं.

"कोण आलं ते सांगतो?"
नाही.
"कोण गेलं?"
तेही नाही. उघडलं, मिटलं. बास.
"बायको अशीच होती," म्हणाले,
"मी कोट काढेपर्यंत पुढचं विचारायची नाही."

मी दोष लपवत नाही, परत आलेला माल माझ्याच टेबलावर येतो.
गोंद थंडीत सुटतो, चौकट आधी स्पिरिटनं पुसा.
लाकूड जुनं असेल तर चुंबक लांब पडतं, खाली पुठ्ठा द्या.
सकाळी लाकडं आणायला मागचं दार उघडलं
एवढं मिलेन्काला कळलं की ती निवांत कामाला जाणार होती.
एकच पुरे होता. पण जोडीवर हजाराची सूट,
म्हणून दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीला.

तीन आठवड्यांनी परत आले.
"दाराचा शहाणा आहे. खिडकीचा पिसाळलाय.
वारा सुटला की तावदान खडखडतं,
आणि रात्री दोनला, अडीचला, तीनला दहा कमी असताना
उघडलं, मिटलं, उघडलं, उघडलं.
पोरगी तिकडे दचकून उठते. फोन करते."

मी पावती मागितली. मग म्हटलं, बदलायचीही गरज नाही,
पुठ्ठ्याची एक घडी, दोन मिनिटांचं काम.
बिलामागे चित्र काढून दिलं.
त्यांनी ते नीट दुमडून टोपीत ठेवलं.

"आधी रविवारी करायची," म्हणाले,
"सात मिनिटं, हवापाण्याचं.
आता रात्री तीनला हवापाण्याचं काय बोलणार,
हवाच वाजत असते दोघांच्या कानात.
परवा विचारत होती, आई कासुएलात भोपळा कधी टाकायची,
बटाट्याआधी की नंतर.
मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, आधी.
तिनं तिकडे किटली ठेवली, मी इकडे.
तिची आधी उकळली. गॅस आहे तिच्याकडे."

म्हणजे परत नाही करायचा?

ते फळीकडे बघत होते, किमतीच्या चिठ्ठ्या
ओठ हलवत वाचत.
"न्हाणीघराची खिडकीही सैलच आहे," म्हणाले.
"एक दे. तोच, पाच हजार नऊशेवाला.
पुठ्ठ्याचं चित्र नको."

एकट्या डब्याला जोडीची सूट बसत नाही.
मी बसवली.