टिंब टिंब

साताऱ्याच्या त्या ऑफिसला चाळीस पायऱ्या.
हे सतराव्या पायरीला थांबतात,
भिंतीवरचं भरतीचं पोस्टर वाचल्यासारखं करतात.
मीही वाचते.
दोघांनाही ते पाठ आहे.

खिडकीमागच्या पोरानं पहिल्या दिवशी नाव विचारलं.
निवृत्ती बाबू शेडगे.
'निवृत्त हवालदार निवृत्ती,' असं लिहिताना तो हसला.
हेही हसले,
आणि हसण्याचा खोकला झाला.

मेडिकल बोर्डाचा कागद मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन:
सदर आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही,
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
मग कशानं?
आमच्या वाठारला थंडी पडते ती हरभऱ्यापुरती.

भरतीला यांची छाती मोजली होती.
सत्त्याहत्तर. फुगवून त्र्याऐंशी.
निळ्या शाईत अजून आहे ती डिस्चार्ज बुकात,
एकोणीस वर्षांची,
सहा सेंटिमीटर जास्तीची हवा घेऊन उभी.
टेप लावून नेलीत, मी त्या पोराला म्हटलं,
परत देताना टेप कुठं गेला होता?

वाईट नाही तो. म्हणाला, पुरावा आणा काकू.
हॉस्पिटलचं रेकॉर्ड नष्ट झालंय, तसं पत्र आलंय.
आजार नोकरीतच सुरू झाला
असं दाखवणारं काहीही.

घरी येऊन पत्र्याचा डबा उपडा केला.
एकशे बारा पत्रं.
प्रत्येकाची पहिली ओळ तीच:
'माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.'
पोस्टिंग बदललं, बर्फ बदलला, ओळ नाही.
मी रडले नाही, चिडले.
वीस वर्षं बसून सरकारच्या बाजूनं साक्ष लिहिलीत!
हे खाली बघत म्हणाले,
तुला लिहीत होतो गं. सरकारला थोडीच.

एक तेवढं निराळं निघालं. फेब्रुवारीतलं.
अक्षर थोरलं, नांगरटीसारखं,
'प्रकृती' नाही, 'तबेत'.
'माझी . . . तबेत . . . चांगली हाय . . . काळजी . . . करू नको.'
तेव्हा आठ दिवस रागात होते मी.
वाटलं होतं, पिऊन लिहिलंय.

कुंडलिक यादव, तालुका जत.
नंबर तिघांना विचारून मिळाला.
'वयनी, ते मी लिव्हलं. ह्यो दवाखान्यात आडवा,
नाकात नळी.
सांगंल तसं लिवत गेलो.
मधीच दम लागायचा, थांबायचा.
थांबल्यालं कसं लिवायचं?
म्हनून टिंबं दिली.'

फोन ठेवून मी टिंबं मोजली.
मग यांच्याकडं बघितलं.
हे अंगणात शेंगा फोडत होते,
दोन फोडायच्या, थांबायचं.

पोवई नाक्यावर झेरॉक्स काढली.
टिंबं फिकी आली.
पेन काढलं, टोपण उघडलं,
पुन्हा लावलं.
पुराव्यावर गिरवू नये, एवढं या तीन वर्षांत शिकले.

आज मी पुढं आले.
पोरगा कागद वाचतो, चष्मा वर करतो.
'काकू, यात तर तब्येत चांगली असल्याचं लिहिलंय.'
म्हटलं, शब्द सोडून वाचा.

तो माझ्याकडं बघतो.
मग परत पहिल्यापासून, ओठ हलवत,
टिंबापाशी थांबत.
पलीकडच्या टेबलावरचा शिक्का थांबत नाही.

'अपिलाला जोडू,' म्हणतो शेवटी,
'मुंबईला काय म्हणतील, सांगता येत नाही.
त्या यादवांचं प्रतिज्ञापत्र लागेल.
आणि पान नंबर टाका.'

मी टाकते. त्रेसष्ट.
सही यांची पाहिजे, तो म्हणतो, कुठायत ते?

येतायत, म्हणते मी.
पोस्टर वाचतायत.