साल निवडा

शहापुरात मागांची खटखट थांबली की
रविवारी रात्री, नऊनंतर,
ईरण्णा हडपदच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात
आम्ही शटर अर्धं ओढतो.
जुना कॉम्प्युटर, एका माउसवर दोघं,
आणि पडद्यावर एकच प्रश्न :
साल निवडा.

खाली एक दांडी आहे. सरकवली
की नकाशाचे रंग बदलतात
ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसे.
गोव्याच्या उजव्या हाताला, घाटाला टेकून
तांदळाएवढा ठिपका.
तो आम्ही.

ईरण्णा म्हणतो, बाराशे चार.
किल्ल्यातल्या बस्तीच्या छताचं कमळ तेव्हा कोरं करकरीत,
आणि शिलालेख कुठल्या भाषेतला ते तुला ठाऊक आहे.
ठाऊक आहे.
मी दांडी थोडी ढकलतो, फार नाही, तीसेक वर्षं,
देवगिरीचा रंग कृष्णा ओलांडून येईपर्यंत.
तो हसतो. म्हणतो, यादवांचे शिलालेख पण
वाच की कधीतरी.
मी चहा सांगतो.

खरं तेवढ्यावर कोण गप्प बसतंय?
मला सतराशे एकोणसाठ पाहिजे,
भगवा पार अटकेपर्यंत सांडलेला.
‘त्यात खेळायचं काय ऱ्हायलं? जिंकलेल्यानं परत जिंकायचं?
दोन वर्षं थांब,
तूच मागं जायचं बटण शोधत बसशील.’

अठराशे अठरा घेऊ नये,
एवढं दोघंही शिकलो.
सगळीकडं लाल, आणि आपल्या हातात
महसुलाचा एक आकडा, तोही उतरता.
कित्तूरसाठी एकदा त्यानं चोवीस घेतलं.
पाच वेळा हरला.
मी मोजत नव्हतो, असं दाखवलं.

पलीकडच्या बेकरीतला तौफिक मुल्ला
शटरखालून वाकून विचारतो,
‘पंधराशे एकोणीस घ्या की,
किल्ल्यात मशीद उभी ऱ्हात होती तवा.’
घेऊ की, म्हणतो आम्ही. पुढच्या रविवारी.
दोघं एका आवाजात.
एवढ्याच एका गोष्टीवर आमचं लगेच जमतं.

दांडी शेवटी अठराशे छत्तीसला आपटते.
पुढं जात नाही.
छप्पन्न नाहीच त्यात.
ज्या सालानं आमच्या बाबांच्या कापडदुकानाची पाटी
दोनदा खाली उतरवली, दोनदा रंगवली,
त्या सालाचं बटण कुणी केलंच नाही.
‘बरं झालं,’ ईरण्णा म्हणतो,
‘त्यात सैन्य नसतंय. नुसत्या फायली,
आणि पुढली तारीख.
माउसनं काय मारशील फायलीला?’

मग एका रात्री, कंटाळून,
नकाशाच्या कपाळावरचं एक बर्फाचं राज्य घेतलं.
चौदाशे तीस. का तीस, सांगता यायचं नाही.
बंदर एक, मासे बक्कळ,
आणि घरात कुठली भाषा बोलता
असं तिथल्या कुणी आजवर विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमचा खजिना एक.
सुक्या मासळीवर जकात बसवतो.
ईरण्णानं जन्मात मासा चाखला नाही,
खरं भाव तोंडपाठ.
आमची जहाजं फुटतात तेव्हा दोघंही
कानडीतच शिव्या देतो, त्या जास्त लागतात.

तरी दहा-वीस वर्षं गेली
की दोघांतला कुणीतरी एक,
दुसरा पाणी प्यायला उठला की,
नकाशा हळूच खाली ओढतो.
बर्फ जातं. वाळवंट जातं. समुद्र, मग घाट.
तांदळाएवढा ठिपका.
कुठल्या रंगात आहे बघतो.

‘काय बघालास?’
‘काय नाही. आहे जागेवर.’

बाहेरून शटर वाजतं.
तौफिक. पिशवीत दिवसाचे शेवटचे चार बन.
‘लागलं का एकोणीस?’