नमुना क्रमांक सतरा

बुधवारी अकराला काउंटरवर आली ती बाटली,
बिनदुधाच्या चहाच्या रंगाची.
पट्टी बुडवली : रक्त, तीन अधिक.
थेंब काचेवर घेऊन पाहिला : एकही लाल पेशी नाही.
पट्टी एक म्हणते, भिंग दुसरं,
आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत
या भांडणाचा अर्थ मला कळतो :
हे रक्त नाही. हा स्नायू आहे,
विरघळून खाली आलेला.

नाव मग वाचलं.
श्रीशैल कलशेट्टी, वय चोवीस.
सोमवारी माझ्या डाव्या हाताला होता.

अक्कलकोट रोडची ती शेड, पूर्वी चाळीस मागांची.
आता तिथे टायर, दोरखंड, भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ.
पहाटे साडेपाच, मे महिना,
पत्रा रात्रभर निवलाच नव्हता.
पहिलाच दिवस पोराचा, शंभर बर्पी.
ऐंशीनंतर त्याची कोपरं लटलटायला लागली.
‘शरीर खोटं बोलतं!’ महांतेश सर ओरडले,
‘अजून वीस!’
आणि आम्ही बावीस जण टाळ्या वाजवत होतो.
मीही.
मी जरा जोरातच.

खोटं कशाला सांगू,
याच शेडमध्ये माझी तीन महिन्यांची साखर
आठ पूर्णांक एकवरून सहा पूर्णांक सातवर आली.
माझा नमुना मीच तपासला, दोनदा,
यंत्रावर विश्वास बसेना म्हणून.
लॅबचे तीन जिने आता बोलत बोलत चढते.
त्रेचाळीसाव्या वर्षी कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडतं,
‘अंबिका मॅडम, येतंय, येतंय!’
घरी माझं नाव घेऊन कोण ओरडतं,
मिक्सर सोडून?

नायना अशाच एका शेडमध्ये होते, चादरींच्या मागावर.
मी डबा घेऊन जायची. कानात नुसता खडखडाट.
ते खुणेनं दाखवायचे :
बाणा तुटला की हा बारीक काटा पडतो,
आणि माग आपला आपण थांबतो.
कुणाला विचारत नाही.
एका दिवाळीत मालकानं बारा मागांचे काटे
तारेनं बांधून टाकले. माल वेळेत हवा होता.
मग काय, धागा तुटला तरी
माग चालूच. खट खट खट खट.
नायना रात्री जेवताना म्हणाले,
विणतोय असं वाटतं, पण खाली नुसती भोकं येतात.

संध्याकाळी श्रीशैलचा दुसरा रिपोर्ट आला.
दोनशेच्या आत असायला हवा तो आकडा
अठ्ठावन्न हजार.
मी सवयीनं यंत्राला दोष दिला, पुन्हा लावला.
छप्पन्न.

महांतेश जिन्यात उभा होता,
हातात शहाळं, पायात शेडमधलेच बूट.
‘मॅडम, किती आलंय?’
पुण्याला दोन शनिवार-रविवारचा कोर्स केलेला मुलगा,
माझ्या भाच्याएवढा.
आकडा सांगायची मला परवानगी नाही.
म्हटलं, पहिल्यांदाच अरेतुरे करत,
‘वर जा. खाट सहा. सलाइनच्या बाटल्या मोज.’
तो गेला.
शहाळं माझ्या टेबलावर विसरला.

श्रीशैल वाचला. किडन्या वाचल्या.
आठव्या दिवशी बाटलीत नेहमीचा पिवळा.
इतका साधा रंग मी उगाच उजेडात धरून बसले.

सोमवारी पुन्हा गेले.
का गेले, विचारू नका; साखर काय माझी वाट पाहणार नाही.
नवा एक पोरगा होता, पहिलाच दिवस,
दातओठ खात, लाजेनं मोजत.
तिसऱ्या फेरीला मी टायरवर जाऊन बसले.
छातीत भाता हलत होता, कोपरं ठीक होती,
अजून दहा सहज झाल्या असत्या.
बसले.
टाळ्या विस्कटल्या.
खांबाला जुन्या तारेचा एक तुकडा अजून गुंडाळलेला आहे,
इतक्या महिन्यांत मला दिसला नव्हता.

नव्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.
घड्याळ उलटं धावत होतं.
महांतेशनं शिट्टी ओठांपर्यंत नेली
आणि तशीच धरून ठेवली.