उणे एकशे शहाण्णव

रबाळे एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
शेजारच्या कारखान्यात मिरची भाजताहेत,
इथे चार टाक्या, दुधाच्या कॅनसारख्या, कमरेएवढ्या.
चौथीचं झाकण उचलते.
धूर वर जात नाही,
काठावरून सांडतो, माझ्या चपलांवरून पुढे जातो.
लाकडी पट्टी बुडवते, काढते, हवेत हलवते;
पांढरं जिथवर चढलं तिथवर नायट्रोजन.
एकवीस सेंटिमीटर. वहीत लिहिते.

बी किन्नौरहून आलं होतं, उशीच्या अभ्र्यात.
सोबत चिठ्ठी: यंदा शंकू कमी,
अर्धे माकडांनी नेले, उरलेले जपा. – छेरिंग नेगी.

देवदार मी पाहिलेला नाही.
बर्फही नाही, फ्रीजमधला सोडला तर.
मला माहीत आहे हजार बियांचं वजन
आणि त्यांच्या पोटातला ओलावा: सहा टक्के.
त्याहून जास्त असला
तर आतल्या पाण्याच्या सुया होतात,
बी आतून फाटतं, बाहेर चरा उमटत नाही.
आधी नीट वाळावं लागतं.
मग थंडीला धरायला काही सापडत नाही.

घणसोलीला आत्या काकडीचं बी
राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायची.
त्या भिंतीच्या जागी आता सात मजले,
खाली मोबाइलचं दुकान.
तिला मी सगळं समजावलं,
टाक्या, अंश, शंभर वर्षं.
ती भाकरी उलटत म्हणाली,
"आन पेराचंच राहून गेलं तं?"

वर्षातून एकदा पन्नास बिया बाहेर काढतो.
चाळीस अंशांचं पाणी, दीड मिनिट.
मग ओला कागद, काचेची बशी, आणि वाट.
तेविसाव्या दिवशी एकतीस उठल्या,
प्रत्येकीच्या डोक्यावर सालाची टोपी,
टोपीखाली दाटीवाटीने नऊ-दहा हिरव्या सुया.
बासष्ट टक्के. रकाना भरला.
मोजून झालेली रोपं पिवळ्या पिशवीत जातात,
नियम आहे.

वहीत एकतीस.
पिशवीत तीस.

दह्याच्या डब्यात ती अठ्ठावीस दिवस होती.
एप्रिल होता, खिडकी पश्चिमेची.
आत्या तिला दुपारी पंख्याखाली सरकवायची
आणि फ्रीजमधला एक खडा मुळाशी ठेवायची:
"घे गो, तुझे गावचा."