मालक क्रमांक १००३

हिउमाचा धक्का, जानेवारी. रात्री वीज दोनदा गेली.
दुसऱ्यांदा आली तेव्हा सर्व्हर उठला,
बर्फाची सेवा उठली नाही.
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्याची पाटी काळी.
पलीकडच्या किनाऱ्यावर पावाची गाडी, इंजिन चालू.
आर्वो दर पाच मिनिटांनी फोन करतो:
"समुद्र दगड झालाय, मारिका. मग अडवतंय कोण?"

अडवतोय हिलार.
जो सप्टेंबरात गेला,
ज्याचं खातं मीच पुसलं, नियमाप्रमाणे,
दफनावरून येऊन, अंगातला कोटही न काढता.

सेवेच्या फाइलीत ती ओळ तशीच:
हे काम हिलारच्या नावाने चालवावं.
सर्व्हर त्याला हाक मारतो. कुणी ओ देत नाही.
पुन्हा मारतो. पाच वेळा.
मग दोनशे सतरा असा आकडा लिहून गप्प बसतो.
म्हणजे, असा माणूस इथे नाही.

मी यादी मागते.
बावीस हिवाळे, एकाखाली एक: जाडी, वारा, भेगा.
मालकाला वाचायची मुभा, लिहायची मुभा,
इतरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा.
आणि जिथे त्याचं नाव असायचं तिथे
१००३.

सोपी वाट होती. तीनदा सात.
सगळ्यांना सगळं. पाटी हिरवी, आर्वो खूश,
आणि उद्या कुणीही यावं,
एकोणीसचे चोवीस करून जावं.
बोट सातावर होतं माझं, खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात फाइलीच्या माथ्यावर,
यंत्र वाचत नाही अशा ओळीत, हिलार:
"बावीस सेंटिमीटरच्या खाली मला विचारू नका.
वर असेल तर बर्फाला विचारा."

म्हणून सेवेसाठी नवं खातं काढलं.
पासवर्ड नाही, घर नाही, फक्त काम.
नाव ठेवलं यॅ. आमच्याकडे बर्फाला हेच म्हणतात.
सर्व्हरने रिकामा आकडा शोधला
आणि त्याला दिला
१००३.

पुन्हा यादी.
बावीस हिवाळे, आणि प्रत्येक ओळीवर मालक: बर्फ.
मी एका फाइलीला हात लावला नव्हता.

उरलं ते किरकोळ.
पाटीला आकडा वाचायचा तर फोल्डरमधून जावं लागतं,
आणि वाचायची परवानगी वेगळी, चालायची वेगळी.
हे या बेटावर कुणाला शिकवावं लागत नाही.
दोन्ही दिल्या. लिहायची दिली नाही.

सहा चाळीस. पाटीवर तेवीस.
आर्वोने पट्टा सोडला असेल;
बर्फावर पट्टा बांधायचा नसतो,
दार ढकलून उडी मारता आली पाहिजे.
त्याचे दिवे सावकाश येताना दिसत होते.

मेलेल्याचा आकडा जिवंताला देऊ नये, असं शिकवतात.
दुरुस्तीला एक ओळ पुरते.
मार्च आला, बर्फ काळं पडायला लागलंय.
ती ओळ अजून लिहायची आहे.