सहा नंबरचा समुद्र

रुकय्या होडेकर दुकानात शिरल्या त्या गळ्यातून काढतच.
सुपारीएवढी डबी, काळ्या गोफात ओवलेली.
"मुदस्सरने धाडलीय दोह्याहून. वासाची मशीन.
त्याच्याकडे एक, माझ्याकडे एक.
चार दिवस झाले, गरम होत नाही."

वास येत नाही, असं म्हणाल्या नाहीत.
गरम होत नाही, म्हणाल्या.
माझं तेव्हा नीट लक्ष नव्हतं,
जेटीवर फेरीबोट धोपाव्याच्या गाड्या उतरवत होती
आणि एक टेम्पो उलटा येता येता सगळ्या दाभोळला शिव्या देत होता.

मोहरीएवढे चार स्क्रू.
आत एक पंखा, नखावर मावेल असा,
एक तापणारी पट्टी
आणि सहा विहिरी, प्रत्येकीत चिमूटभर कापूस.
तांब्यावर हिरवं चढलेलं. खाऱ्या हवेचं काम.
आमच्याकडे टीव्ही, पंप, मोटारसायकलची चावी
सगळ्यांना हाच एक आजार.

"आज राहू दे इथंच," त्या म्हणाल्या.
"साडेदहाला त्याचं येईल. तू एक परत दाब.
फोन शुक्रवारचा असतो, हे रोजचं.
पोरगं घाबरलं असेल."
कुठला नंबर दाबू?
"कुठला पण. तापात माझा वास गेला तो गेलाच.
दोन वर्षं झाली. त्याला बोललेली नाही.
बांगडासुद्धा आता कल्ला उचलून डोळ्यांनी बघते."
आणि हसल्या, जणू चष्मा हरवलाय.

ब्रशला स्पिरिट लावून मी हिरवं घासलं.
एक तार सुटली होती, तिला डाग दिला,
राळेचा धूर नाकात गेला, माझा रोजचा अत्तराचा खर्च.
मग डबी लॅपटॉपला जोडली.

आतलं सगळं आकड्यांत होतं.
मुलगा: सहा. सहा. सहा. सहा.
आठ महिने, रात्री साडेदहा, सहा.
सहा म्हणजे समुद्र.
जिच्या पायरीला भरतीचं पाणी लागतं
तिला तो वाळवंटातून समुद्र पाठवत होता.

पाठवत तरी काय होता म्हणा.
वास कुठे जातो? आकडा जातो.
आकडा इथे पोचतो, पट्टी तापते,
आणि कुठल्याशा कारखान्यातलं तेल इथल्या इथेच उडतं.
सहावी विहीर मी हुंगून पाहिली.
कोरडी. कापसाच्या बुडाशी थोडा लॉजमधला साबण.
बाकी पाच अजून ओल्या होत्या,
त्याने त्यांना कधी हातच लावला नव्हता.

आणि आई: एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. एक. दोन.
एकही चुकलेला नाही,
तसबीचे मणी ओढावेत तसे.
गुलाब काय, कॉफी काय, तिला सगळे सारखेच,
पण पोराला रोज नवं काहीतरी मिळावं.
शेवटचा आकडा चार.

शटर अर्धं ओढून बसले.
शेवटची फेरी गेली. ओहोटी लागली होती,
चिखल, डिझेल, उतारावर पसरलेला जवळा,
खाडी दाराशी येऊन उभी राहिली
फुकट, नंबर नसलेली.

साडेदहा. टिक् झालं.
पंखा माशीएवढा गुणगुणला. पट्टी तापली.
डबीतून काहीच आलं नाही.
मी ती मुठीत धरली.
खरंच, गरम होती.
कोणीतरी नुकतंच हातातून सोडल्यासारखी.

मग मी पाच दाबला. कापलेलं गवत.
आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर
ते कसं पोचलं असेल, देव जाणे.
लगेच परत सहा आला.
आणि परत सहा.
आणि परत.

सकाळी त्या आल्या, साठ रुपये मोजले,
वर कागदात बांधलेले सुके बोंबील ठेवले.
"कुठला दाबलास?"
पाच.
त्यांनी बोटं मिटून उघडली.
"हां. पाचच राहिलेला."
डबी गळ्यात घातली, पदराआड केली, निघाल्या.

सहावा संपलाय
हे मी सांगणार होते.